वायरलेस कीबोर्ड पेअर होत नाहीये? आधी काय बघायचं, मग काय करायचं

नवीन कीबोर्ड बॉक्समधून काढला, सेल टाकले, कॉम्प्युटरचं ब्लूटूथ चालू केलं आणि लिस्टमध्ये कीबोर्डचं नावच येत नाही. किंवा नाव दिसतंय पण क्लिक केलं की थोडा वेळ गोल गोल फिरतं आणि कनेक्ट झालं नाही असा मेसेज येतो. किंवा कालपर्यंत नीट चालत होता आणि आज सकाळपासून ओळखच दाखवत नाही. या तिन्हीला आपण एकच म्हणतो, "पेअर होत नाहीये", पण तिघांची कारणं वेगळी असतात आणि वेळ इथेच जातो, कारण घाईघाईत सगळे उपाय एकदम करून बघितले जातात, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) काढले जातात, कोणी तर विंडोज रिसेट करायला निघतं आणि शेवटी कळतं की कीबोर्डच्या पोटाखालचा स्विच दुसऱ्या मोडवर होता. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा, फुकटचे आणि मिनिटभरात होणारे उपाय आधी ठेवलेत, कटकटीचे शेवटी.

सुरुवातीलाच एक गोष्ट, हे सगळं करताना टाइप कशावर करणार? लॅपटॉप असेल तर प्रश्न नाही. डेस्कटॉप असेल तर वायरवाला जुना कीबोर्ड कुठून तरी मिळवून लावून ठेवा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तोही नसेल आणि माउस चालत असेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरा. विंडोजमध्ये लॉगिनच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो आणि त्यावर माउसने पासवर्ड टाकता येतो. मॅकमध्येही सेटिंगच्या ॲक्सेसिबिलिटी भागात कीबोर्डखाली हीच सोय आहे.

आधी कीबोर्ड कुठल्या जातीचा आहे ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच लोक बघत नाहीत. वायरलेस कीबोर्ड मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक डोंगलवाला, म्हणजे त्याच्यासोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो, तो कॉम्प्युटरला लावायचा आणि काम सुरू. दुसरा ब्लूटूथवाला, त्याला डोंगल नसतो, कॉम्प्युटरचंच ब्लूटूथ वापरतो. दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात पण त्यांची भाषा वेगळी आहे, त्यामुळे डोंगलवाला कीबोर्ड ब्लूटूथच्या लिस्टमध्ये कधीच दिसणार नाही, तुम्ही दिवसभर शोधलंत तरी. डोंगल हरवला म्हणून ब्लूटूथने जोडायचा प्रयत्न करणारे कितीतरी जण मी बघितलेत.

मग ओळखायचं कसं? कीबोर्ड उलटा करा, खालच्या स्टिकरवर ब्लूटूथचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर तो बहुतेक डोंगलवालाच आहे आणि डोंगल सापडत नसेल तर सेलच्या खाच्यात बघा, बरेचदा तिथेच एका छोट्या कप्प्यात बसवलेला असतो, किंवा बॉक्सच्या पुठ्ठ्यात अडकून राहतो. हल्ली तिसरा प्रकारही बराच दिसतो, दोन्ही चालणारा, त्याच्या बाजूला किंवा खाली २.४जी, ब्लूटूथ आणि केबल असा सरकवायचा स्विच असतो. इथे स्विच २.४जीवर आणि माणूस शोधतोय ब्लूटूथमध्ये, असं झालं की कीबोर्डचा काहीच दोष नसतो.

सेल आणि चार्जिंग

"लाइट लागतोय म्हणजे सेल चांगले आहेत" हे खरं नाही. लाइट लागायला फार थोडी ताकद पुरते, पेअरिंगच्या वेळी मात्र रेडिओला सारखं पाठवावं-ऐकावं लागतं आणि उतरलेला सेल नेमका तेव्हाच मान टाकतो. म्हणून थेट नवीन सेल टाका, दोन असतील तर दोन्ही बदला, एक जुना एक नवा असं करू नका. अधिक-उणे दिशा तपासा, आणि नवीन कीबोर्ड असेल तर सेलच्या खाच्यातून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढलीये ना ते बघा. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइडचा १.२ चा, बहुतेक कीबोर्ड दोन्हीवर चालतात पण काही जुने मॉडेल १.२ वर कुरकुर करतात, शंका असेल तर पेअर करण्यापुरते साधे सेल वापरा.

बरेच दिवस पडून राहिलेला कीबोर्ड असेल तर खाच्यातल्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी पूड जमलीये का बघा, सेल गळले की असं होतं. सेल काढून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन हलक्या हाताने पुसा, मग थोड्या अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. चार्जिंगवाला कीबोर्ड असेल तर अर्धा तास केबलला लावून मगच पुढचं करा.

डोंगलवाला असेल तर

डोंगलवाल्यात पेअरिंग बहुधा कंपनीतच करून दिलेलं असतं, म्हणजे हा डोंगल आणि हा कीबोर्ड यांची जोडी ठरलेली. त्यामुळे नुसता लावून चालत नसेल तर आधी पोर्ट बदला. हब किंवा मॉनिटरमागच्या पोर्टऐवजी थेट कॉम्प्युटरला लावा. डोंगल लावल्यावर कॉम्प्युटरला काहीतरी जोडल्याचा आवाज येतो का ऐका, दोन-तीन पोर्टवर काहीच हालचाल नसेल तर तो डोंगल दुसऱ्या मशीनवर लावून बघा, तिथेही गप्प असेल तर डोंगलच गेलाय.

डोंगल ओळखला जातोय पण कीबोर्ड अडखळतो, अक्षरं गाळतो किंवा जोडलाच जात नाही, तर कारण बहुतेक वेळा यूएसबी ३ असतं. हे ऐकून लोक विश्वास ठेवत नाहीत पण इंटेलनेच २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता, यूएसबी ३ च्या ५ गिगाबिट वेगाच्या डेटामुळे जो रेडिओचा गोंगाट तयार होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि शेजारच्या पोर्टमधल्या छोट्या डोंगलला कीबोर्डचा आवाजच ऐकू येत नाही. म्हणजे निळ्या पोर्टमध्ये बाहेरची हार्डडिस्क आणि तिच्या शेजारच्या पोर्टमध्ये डोंगल ही वाईट जोडी. डोंगल काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टला लावा आणि जमलं तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर कीबोर्डच्या जवळ आणा. कॅबिनेट टेबलाखाली असेल आणि डोंगल मागच्या बाजूला असेल तर मध्ये पत्र्याचा अख्खा डबा येतो, त्यामुळेही ही केबल कामी येते. एवढा स्वस्त आणि एवढा हमखास उपाय या लेखात दुसरा नाही.

जोडीच तुटली असेल, म्हणजे एकसारखे दोन कीबोर्ड होते आणि डोंगलची अदलाबदल झाली किंवा डोंगल नवा घेतला, तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. लॉजिटेकचा असेल तर डोंगलवरचं चिन्ह बघा, केशरी सूर्यासारखं असेल तर तो युनिफाइंग, २००९ पासूनचा, आणि विजेसारखं असेल तर बोल्ट, २०२१ पासूनचा. एका डोंगलवर सहा उपकरणं बसतात पण युनिफाइंगचा कीबोर्ड बोल्टच्या डोंगलला जोडला जात नाही आणि बोल्टचा युनिफाइंगला नाही, विकत घेण्याआधी हे बघाच. ज्या डोंगलवर असं कुठलंच चिन्ह नाही आणि कंपनीचं सॉफ्टवेअरही नाही, त्याची जोडी सहसा बदलता येत नाही, डोंगल हरवला की कीबोर्डही गेल्यात जमा.

ब्लूटूथवाला: दोष कोणाचा ते आधी ठरवा

इथे फोन काढा. खरंच, कीबोर्ड फोनला पेअर करून बघा, दोन मिनिटं लागतात. फोनला झाला तर कीबोर्ड ठणठणीत आहे आणि जे काही बिघडलंय ते कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. फोनलाही झाला नाही तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून उपयोग नाही, सेल, स्विच, पेअरिंग मोड (तो कसा चालू करायचा ते खाली तिसऱ्या पायरीत आहे) हेच परत बघा. मात्र ही टेस्ट झाली की फोनमधून कीबोर्ड काढून टाका, नुसता डिस्कनेक्ट नाही, 'फर्गेट' करा. का ते सांगतो.

ब्लूटूथ पेअरिंग म्हणजे काय होतं, तर दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही आपापल्याकडे ती जपून ठेवतात. पुढच्या वेळी भेटले की किल्ली जुळवून बघतात, जुळली की दार उघडतं. म्हणजे पेअरिंग ही दोन्हीकडची आठवण आहे. एका बाजूने विसरलं आणि दुसऱ्या बाजूला जुनीच किल्ली राहिली की दोघंही एकमेकांना ओळखल्यासारखं करतात आणि आत घेत नाहीत. नाव दिसतं पण कनेक्ट होत नाही, "पेअर्ड" असं लिहिलेलं दिसतं पण एकही अक्षर उमटत नाही, ही सगळी त्याचीच लक्षणं.

दुसरं म्हणजे कीबोर्ड एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो. चालू केल्याबरोबर तो आधीच्या ओळखीच्या उपकरणाला शोधतो आणि ते जवळपास असेल तर गुपचूप त्याला जाऊन चिकटतो. माझा एक कीबोर्ड अख्खी संध्याकाळ कॉम्प्युटरला सापडत नव्हता, सेल बदलले, ड्रायव्हर बदलले, सगळं केलं आणि मग लक्षात आलं की तो शेजारच्या खोलीत बॅगेत असलेल्या टॅबलेटला जोडलेला होता. तेव्हापासून मी सगळ्यात आधी आजूबाजूच्या फोन, टॅबलेट, टीव्ही, जुना लॅपटॉप या सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करतो आणि मगच हात घालतो, तुम्हीही तसंच करा.

आता नव्याने, नीट पेअर करा

१. कॉम्प्युटरच्या ब्लूटूथ लिस्टमध्ये कीबोर्डचं जुनं नाव असेल तर ते 'रिमूव्ह डिव्हाइस' करून काढा. एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही काढा.

२. कीबोर्ड बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा.

३. त्याला पेअरिंग मोडमध्ये टाका. इथे बरेच जण चुकतात, कारण कीबोर्ड चालू असणं आणि पेअरिंग मोडमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना खाली वेगळं बटण असतं ते दाबून धरायचं. ज्यांना १, २, ३ असे चॅनल असतात त्यांच्यात चॅनलचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं तर फक्त त्या चॅनलवरचं जुनं उपकरण शोधलं जातं, नवीन पेअरिंगसाठी तेच बटण दाबून धरावं लागतं. लॉजिटेकच्या के३८० वर एफ१, एफ२, एफ३ यापैकी एक साधारण तीन सेकंद, कीक्रॉनच्या बऱ्याच मॉडेलवर एफएन बरोबर १, २ किंवा ३ चार सेकंद. लाइट भराभर लुकलुकायला लागला म्हणजे झालं. हळू लुकलुकत असेल तर तो अजून जुन्या मित्रालाच शोधतोय. दाबून धरल्यामुळे त्या चॅनलवरची कीबोर्डकडची जुनी किल्लीही बाजूला पडते, म्हणजे दोन्हीकडची आठवण पुसली गेली.

४. आता लगेच कॉम्प्युटरवर 'ॲड डिव्हाइस' करा आणि ब्लूटूथ निवडा. लगेच म्हणतोय कारण पेअरिंग मोड काही मिनिटांत आपोआप बंद होतो. कीबोर्ड कॉम्प्युटरपासून एक मीटरच्या आत ठेवा.

५. स्क्रीनवर आकडे आले तर ते आकडे त्याच नवीन कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं, लॅपटॉपच्या कीबोर्डवर नाही. टाइप करताना स्क्रीनवर काही उमटेलच असं नाही, तरी टाइप करत राहा. बाजूच्या नंबरपॅडऐवजी वरच्या ओळीतले आकडे वापरा, नमलॉक बंद असेल तर नंबरपॅडने आकडे जातच नाहीत आणि पेअरिंग फसतं. फार जुन्या कीबोर्डना ठरावीक पिन लागायचा, तो बहुतेक ०००० किंवा १२३४ असायचा.

बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. झालं नसेल तर पुढे.

विंडोजमध्ये अडकलं असेल तर

नाव दिसतच नसेल आणि विंडोज ११ असेल तर सेटिंगमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात डिव्हायसेस, आणि खाली 'ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी' असं एक सेटिंग आहे, ते डिफॉल्टवर असतं. ते ॲडव्हान्स्ड करा. डिफॉल्टमध्ये विंडोज फक्त नेहमीची उपकरणं दाखवतं, आणि अनोळखी कंपनीचा कीबोर्ड त्यातून गाळला जाऊ शकतो. बऱ्याच जणांना हे सेटिंग माहीतच नसतं.

ब्लूटूथ चालू-बंद करायचं बटणच गायब असेल तर आधी फ्लाइट मोड बघा, मग कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. पूर्ण म्हणजे शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीच्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपतं आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला उठतो. डेस्कटॉपची वायरसुद्धा काढून मिनिटभर थांबा. तरीही बटण आलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, ब्लूटूथचा भाग आहे का बघा. तिथेही काही नसेल तर कदाचित तुमच्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नाही, बऱ्याच डेस्कटॉपना नसतं, मग वेगळा यूएसबी ब्लूटूथ अडॅप्टर घ्यावा लागेल. तो लावल्यावर लक्षात ठेवा की विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं, आतला जुना असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो डिसेबल करा.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वायफाय-ब्लूटूथ असेल आणि कीबोर्ड अगदी जवळ नेल्यावरच दिसत असेल तर मागे अँटेना लावलाय का बघा. ब्लूटूथही तोच अँटेना वापरतं. वायरने इंटरनेट घेणारे लोक "आपल्याला वायफाय नको" म्हणून अँटेना बॉक्समध्येच ठेवतात आणि मग ब्लूटूथ बहिरं होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्येच ब्लूटूथ अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका, थोडा वेळ वापरला नाही की तुटणारा कीबोर्ड यानेच बरेचदा सुधारतो. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस चालू आहे का तेही बघून घ्या. आणि ड्रायव्हर बदलायचाच असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा घ्या, ड्रायव्हर शोधून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, त्यांच्यामुळे चांगली चाललेली मशीन बिघडलेली मी बघितलीत.

कॉम्प्युटर जुना असेल तर अजून एक शक्यता आहे. आत्ताचे बरेच कीबोर्ड ब्लूटूथ लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ, वापरतात, जे ब्लूटूथ ४.० बरोबर २०१० मध्ये आलं. तुमच्या अडॅप्टरचं व्हर्जन ३.० असेल तर असा कीबोर्ड त्याला दिसणार नाही, आणि विंडोज ७ ला तर लो एनर्जी स्वतःहून येतच नाही. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर एलएमपी नावाचा आकडा असतो, ६ म्हणजे ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०. सहाच्या खाली असेल तर सेटिंगचा नाद सोडा, नवा अडॅप्टर हाच उपाय.

मॅक आणि लिनक्स

ॲपलचा मॅजिक कीबोर्ड असेल तर ब्लूटूथ लिस्टमध्ये शोधत बसू नका, कीबोर्डचा स्विच चालू करून केबलने मॅकला जोडा, तो स्वतःच पेअर होतो, मग केबल काढा. केबल मात्र डेटा जाणारी हवी, फक्त चार्जिंगची असेल तर चार्ज होईल आणि पेअर होणार नाही. एरवी ब्लूटूथच अडकल्यासारखं वाटलं तर बिग सरपर्यंतच्या मॅकओएसमध्ये शिफ्ट आणि ऑप्शन दाबून वरच्या ब्लूटूथ चिन्हावर क्लिक केलं की रिसेटचा पर्याय मिळायचा. माँटेरेपासून तो काढलाय, आता टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, sudo pkill bluetoothd हे तीन शब्द मध्ये एकेक स्पेस देऊन लिहायचे, पासवर्ड द्यायचा, ब्लूटूथ बंद होऊन परत सुरू होतं.

लिनक्सवर आधी टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (rfkill list) बघा, ब्लूटूथ ब्लॉक दिसलं तर अनब्लॉक करा. मग ब्लूटूथसीटीएल (bluetoothctl) या कमांडमध्ये एजंट ऑन, स्कॅन ऑन, पेअर आणि त्यानंतर ट्रस्ट. ट्रस्ट राहिलं तर आज चालतो आणि रिस्टार्टनंतर जोडला जात नाही.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ते किल्लीचं परत आठवा. कीबोर्डला दोन्ही सिस्टिम एकच मशीन वाटतात पण दोघींच्या किल्ल्या वेगळ्या, त्यामुळे लिनक्समध्ये पेअर केला की विंडोजमध्ये तुटतो आणि उलट. कीबोर्डला चॅनल असतील तर एक चॅनल विंडोजला, दुसरा लिनक्सला असं वाटून द्या, बऱ्याच कीबोर्डवर हे चालतं.

पेअर होतो पण टिकत नाही

२.४ गिगाहर्ट्झमध्ये वायफायही असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. राउटर कॉम्प्युटरला चिकटून असेल तर थोडा लांब ठेवा, आणि कॉम्प्युटरचं वायफाय जमेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या. यूएसबी ३ चा त्रास ब्लूटूथ अडॅप्टरलाही तसाच होतो, तिथेही तीच एक्स्टेन्शन केबल. लोखंडी टेबल असेल तर कीबोर्डखाली एखादी जाड वही ठेवून फरक पडतो का बघा.

अजून एक, विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनवर ब्लूटूथ कीबोर्ड चालला नाही तर तो बिघडलाय असं समजू नका. ब्लूटूथ बहुतेक मशीनवर सिस्टिम सुरू झाल्यावरच जागं होतं. डोंगलवाला मात्र तिथेही चालतो कारण कॉम्प्युटरला तो साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो. ज्यांना वारंवार बायोसमध्ये जावं लागतं त्यांनी घेतानाच डोंगलवाला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

नवीन सेल, फोन, दुसरा कॉम्प्युटर, कीबोर्डचं फॅक्टरी रिसेट (हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, बॉक्समधल्या कागदावर लिहिलेलं असतं) एवढं करूनही कुठेच पेअर होत नसेल तर कीबोर्डचा रेडिओ गेलाय. वॉरंटी असेल तर उघडू नका, तसाच परत द्या, आणि देताना कोणत्या कोणत्या उपकरणांवर करून बघितलं ते लिहून द्या, नाहीतर तिथे पुन्हा सेल बदलण्यापासून सुरुवात होते. वॉरंटी संपली असेल पण कीबोर्डला केबलनेही चालायची सोय असेल तर वायर लावून वापरा, बटणं चांगली असतील तर रेडिओ गेला म्हणून फेकायचं काही कारण नाही.